विनाअपघात

"थांब. चाकं बघितल्याबिगर गाडी हलवायची न्हाय," म्हणत माझे वडील अण्णा दार उघडून खाली उतरले.

सकाळचे सात वाजले होते. टेक्सासमधल्या लबकच्या आमच्या घरासमोर गाडी भरून तयार होती. मागे माझी दहा महिन्यांची जुई तिच्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेली, हातात प्लॅस्टिकचा चमचा. अण्णांनी चारही टायरना बुटाच्या टोकाने एकेक ठोसा दिला. खिशातल्या रुमालाने पुढची काच पुसली. मग बॉनेटला हात लावून तो हात छातीला लावला. समोरच्या घरातली बाई कुत्रा फिरवता फिरवता थांबून बघत होती. मी तिच्याकडे बघून उगाचच हसले.

"अण्णा, हवा कमी असली तर गाडीच सांगते. इथे दिवा लागतो."

"सांगू दे की. आपण पण बघावं."

माझा नवरा प्रसन्न कॉफीचा कप घेऊन खिडकीशी वाकला. त्याला ऑफिसातून सुट्टी मिळाली नव्हती. अण्णांची परत जायची तारीख तीन आठवड्यांवर आली होती आणि एवढ्या दिवसांत त्यांनी आमचं घर, पाठीमागचं अंगण आणि वाणसामानाचं दुकान एवढीच अमेरिका बघितली होती. म्हणून दोन दिवस मी त्यांना आणि जुईला घेऊन उत्तरेकडची खोरी बघायला निघाले होते.

"विम्यात अण्णांचं नाव घालून घेतलंय मी," प्रसन्न म्हणाला. "परवाना त्यांच्याकडे आहेच. रस्ता रिकामा लागला की थोडी त्यांना दे चालवायला."

अण्णांनी शर्टाच्या खिशावर थाप मारली. आंतरराष्ट्रीय परवान्याचं ते छोटं पुस्तक त्यांनी सांगोल्याहून निघताना प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलं होतं. त्यासाठी सोलापूरच्या आरटीओत तीन वेळा खेटे घातले होते. तीन महिन्यांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. भात मऊ झाला तरी चालेल, टीव्ही लागला नाही तरी चालेल. मागितलं ते एवढंच : हितल्या रस्त्यावर एकदा गाडी चालवायची. शंभर मैल नको, दहा दे.

"बघू पुढे," मी म्हटलं आणि गाडी काढली.

अण्णा एकतीस वर्षं एस.टी.चे ड्रायव्हर होते. सांगोला डेपो. त्यातली बरीचशी वर्षं सांगोला-रत्नागिरी गाडीवर. आंबा घाटातलं प्रत्येक वळण त्यांना अंगातल्या हाडांसारखं माहीत होतं. आई माझ्या बाळंतपणाला येऊन गेली तेव्हा त्यांची नोकरी चालू होती. निवृत्त झाल्यावर ते एकटेच आले.

गावाबाहेर पडल्यावर त्यांनी आपली सीट पुढे-मागे करून बघितली.

"सारे," त्यांनी मला हाक मारली, "एक सांगू का? मी बसलोय ही आपल्याकडं ड्रायव्हरची जागा. समदं हाय बघ. डाव्या हाताला गियरची जागा हाय, समोर काच हाय. फक्त स्टिअरिंग तेवढं कुणीतरी चोरून नेलंय."

मला हसू आलं. खरंच, पुढच्या उजव्या सीटवर ते असे ताठ बसले होते की एखाद्याला वाटावं, गाडी तेच चालवतायत.

तो प्रदेश न बघितलेल्याला सांगून कळणार नाही इतका सपाट आहे. परातीसारखा. डोंगर नाही, टेकडी नाही, रस्ता सरळ आभाळात शिरतो. मैलोन्‌मैल कापूस फुटलेला, मधेच पवनचक्क्यांची रांग. ("हे आपल्या ढालगावला पण हाय," अण्णा म्हणाले.) मग दूरवर धान्याची उंच कोठारं दिसायची आणि अर्ध्या तासाने त्या कोठारांखाली एक गाव सापडायचं. एक रस्ता, एक चर्च, बंद पडलेलं थिएटर, पाण्याच्या टाकीवर गावाचं नाव.

एका गावाआधी अण्णा एकदम ओरडले, "थांबव! थांबव गाडी!"

मी घाबरून कडेला घेतली. "काय झालं? काही लागलं का?"

ते तोवर उतरून कुंपणापर्यंत पोचले होते. "आगं, ही ज्वारी हाय की!"

खरंच ज्वारी होती. कमरेएवढी बुटकी, लालसर कणसांची, नजर जाईल तिथपर्यंत. अण्णांनी एक कणीस हातात धरलं, तोडलं नाही, नुसतं अंगठ्याने दाणे चाचपले. "मालदांडी न्हाय. पर ज्वारीच. ह्याची भाकरी करत असतील का ही माणसं?"

"नाही अण्णा. गुरांना घालतात."

"समदी?"

"जवळजवळ सगळी."

त्यांनी हातातलं कणीस हलकेच सोडलं. "लई सुखी हायत हितली गुरं," म्हणाले आणि येऊन बसले.

आणखी एका गोष्टीने ते खूश झाले होते. त्या भागातल्या आडरस्त्यांवर समोरून येणारा गाडीवाला, ओळख असो नसो, स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलतो. पहिल्यांदा एका म्हाताऱ्या पिकअपवाल्याने बोटं उचलली तेव्हा अण्णा सीटवर उडालेच.

"बघितलंस? त्यानं हात केला! आमच्यात असंच असतंय. समोरनं आपल्या म्हामंडळाची गाडी आली की हात करायचा. मग डेपो कुठला का असंना."

त्यानंतर दिवसभर समोरून आलेल्या प्रत्येक गाडीला अण्णांनी उजव्या सीटवरून हात केला. मला बोटं उचलायचं कधी सुचलंच नव्हतं. दोन वर्षं मी त्या रस्त्यांनी जात होते आणि ते लोक मला दिसलेच नव्हते.

"घेऊ का आता?" अण्णांनी विचारलं. समोर दहा मैल एकही गाडी नव्हती. "कोण कुत्रं पण न्हाय रस्त्यावर."

"पुढे बघू. जुईला आत्ताच झोप लागलीय. थांबवली की उठेल."

पुढे जुई जागी झाली तेव्हा तिला दूध द्यायचं होतं. त्याच्या पुढे रस्त्याचं काम चाललेलं होतं. मग वारा होता. दुपारी पहिल्या खोऱ्याचा उतार आला तेव्हा तर प्रश्नच नव्हता.

ते खोरं असं आलं. सपाट जमीन चालली होती, चालली होती, आणि एका वळणावर ती संपलीच. कुणीतरी परात मधोमध फोडावी तशी. खाली लाल माती, पांढऱ्या रेघा, काळीभोर झुडपं आणि तळाशी पाण्याची एक दोरी. अण्णांनी दोन्ही हात मांड्यांवर घट्ट दाबून धरले.

"ब्रेकवर पाय ठेवून उतरू नको बाळ. तापतील. बारक्या गियरला टाक."

"ही ऑटोमॅटिक आहे अण्णा."

"मग तिला आपलं आपण कळतं व्हय?"

"तसंच काहीसं."

"मग हाताला काय काम?" ते म्हणाले. त्यांचा डावा हात मात्र दोन सीटांच्या मधल्या खणावर गेला होता आणि उजवा पाय प्रत्येक वळणाला खालची चटई दाबत होता. त्यांच्याकडे न बघता मला ते कळत होतं. मी त्या पायाच्या लयीत ब्रेक दाबायला लागले आणि गाडी लोण्यासारखी उतरली.  खाली पोचल्यावर ते म्हणाले, "आता जमलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटेलच्या न्याहारीला मी जुईला केळं भरवत होते आणि अण्णा वाफलच्या यंत्रासमोर उभे राहून एका गोऱ्या आजोबांना खुणांनी विचारत होते की हे उलटं केव्हा करायचं. दोघंही हसत होते. काय झालं मला, कुणास ठाऊक. बशी घेऊन ते आले तशी मी म्हटलं, "अण्णा, आज मोठं खोरं बघायचं. तिथून वर आलो की गाडी तुमच्याकडे. घरापर्यंत तुम्ही."

"खरं?"

"खरं."

त्यांनी वाफल अर्धं ठेवलं आणि खोलीत गेले. आले तेव्हा करड्या स्वेटरवर छातीशी बिल्ला लावलेला होता. पितळी, गोल, मधे गाडीचं चित्र आणि भोवती कोरलेलं : पंचवीस वर्षे विनाअपघात सेवा.

"हे कशाला अण्णा?"

"ड्युटीवर बिल्ला लागतोय," ते म्हणाले, आणि वरून जाकीट घातलं, पण त्याची चेन लावली नाही.

मोठ्या खोऱ्याच्या कडेवर, जिथून सगळं खाली पसरलेलं दिसतं, तिथे गाड्या लावायला जागा आहे. मी जुईला कडेवर घेईपर्यंत अण्णा पुढे गेले होते. खोऱ्याकडे नाही. शेजारी एक हिरवी जीप उभी होती, तिच्या काचेला नाक लावून आत बघत होते. परत आले ते जवळजवळ धावतच.

"सारे! गियरची हाय!"

"अण्णा, लोकांच्या गाडीत असं डोकावू नये. इथे आवडत नाही."

"अहो, बघू द्या की," मागून मराठी आवाज आला. "जीप आमचीच आहे. काका, आवडली?"

निखिल आणि अनघा देवधर. पुण्याचे, डॅलसला राहणारे, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे. दोघांच्या अंगावर डोंगर चढायचे चांगले कपडे, पायात तसेच बूट. मराठी ऐकून अनघाला मनापासून आनंद झाला होता. तिने जुईचा गाल कुरवाळला, आम्ही कुठले, कधी आलो, सगळं विचारलं. निखिल जीपचं कौतुक सांगत होता : सेकंडहँड घेतली, हौसेने, आता अशा मिळत नाहीत, बायको हात लावत नाही.

"मला गियरची येतच नाही," अनघा म्हणाली. "काका, तुम्ही काय करायचे तिकडे?"

अण्णा हसले. त्यांचा हात जाकिटाकडे जायला लागला. बिल्ला दाखवायला, हे मला आज कळतं.

"अण्णा एस.टी.त होते," मी म्हटलं. "डेपो मॅनेजर."

किती सहज आलं ते. पहिल्यांदा हे मी पुण्याला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर म्हटलं होतं, अठराव्या वर्षी, खोलीतल्या तीन मुलींच्या वडिलांचे हुद्दे ऐकून झाल्यावर. मग ते तसंच राहिलं. लग्नाआधी प्रसन्नला मात्र मी खरं सांगितलं, आणि तो 'मग?' एवढंच म्हणाला होता. त्याच्यानंतर खोटं बोलायचं काही कारणच उरलेलं नव्हतं. आणि ही दोन माणसं तर वाटेत भेटलेली. पुन्हा कधी दिसायची नव्हती.

अण्णांचा हात जाकिटापर्यंत पोचला होता. त्याने जाकिटाची चेन खालून वर, गळ्यापर्यंत ओढली.

"थंडी वाजते का काका?" अनघाने विचारलं.

"जरा वारं आहे," अण्णा म्हणाले.

"डेपो मॅनेजर म्हणजे शे-दोनशे ड्रायव्हर हाताखाली," निखिल म्हणाला. "डोक्याला ताप असेल. ऐकतात का ते लोक? दारू पिऊन चालवतात म्हणे."

"नाही. तसे नसतात," अण्णा सावकाश बोलले. "एखादा असतो. माझ्या डेपोला एक जण होता. एकतीस वर्षं गाडी चालवली. माणूस राहू द्या, कुत्र्याला पण लागू दिलं नाही त्यानं."

"अरे वा. मग काही बक्षीस वगैरे दिलंत की नाही त्याला?"

"दिला की," अण्णा म्हणाले. "बिल्ला दिला."

मी जुईची टोपी नीट करत होते. ती नीटच होती.

देवधर तळाशी जीप लावून तिथून पायवाटेने दगडी सुळक्यापर्यंत चालत जाणार होते. जीप पुढे निघून गेली. आम्ही गाडीत बसलो तेव्हा अण्णा काही बोलायची वाट बघत मी चावी हातात घेऊन थांबले.

"आमचे डेपो मॅनेजर काळेसाहेब," ते शेवटी म्हणाले. "ढेरी हीऽऽ एवढी. मी दिसतोय का गं तसा?"

"अण्णा, ते... तोंडातून निघून गेलं."

"असू दे, असू दे. चल."

खाली उतरणारा रस्ता तिथे फार उभा आहे. वळणावर वळण. मी पाय ब्रेकवरून उचललाच नाही. तळाला पोचेपर्यंत गाडीत जळका वास भरला होता. अण्णांना तो माझ्याआधी आला असणार. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, पाय जवळ घेतलेले, आणि ते खिडकीतून बाहेर बघत होते. ब्रेक तापतील, असं ते म्हणाले नाहीत.

तळाशी ओढ्याच्या काठी झाडांखाली बाकं होती. आम्ही धपाटे आणि दही खाल्लं. अण्णांनी जुईला लाल मातीत बसवलं, तिच्या मुठीत माती दिली, मुठीतली माती तिच्या पायावर ओतून दाखवली. ती खदखदून हसत होती. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधून मी दमले. तो नव्हताच. मला वाटलं, झालं, विसरले. वर गेलो की त्यांना गाडी देऊ. सगळं ठीक होईल.

तीन वाजायच्या सुमाराला अनघाची हाक आली. पायवाटेवरून ती येत होती, आणि तिच्या खांद्यावर भार टाकून, एका पायावर उड्या मारत, निखिल. सुळक्याजवळ दगडावरून पाय घसरला होता. डावा घोटा सुजून टम्म झालेला.

अण्णा उठून धावले. त्याला बाकावर बसवलं, बूट हलक्या हाताने काढला, बोटं हलवायला लावली. "मोडला नसावा. पण फोटो काढून घ्या." जुईचा पंचा ओढ्यात भिजवून त्यांनी तो घोट्याला असा घट्ट आणि सफाईने बांधला की निखिलचा चेहरा जरा सैल झाला.

"आता जीपचं काय?" अनघा म्हणाली. "संध्याकाळी इथे ठेवता येणार नाही, फाटकावर सांगितलंय. ओढून न्यावी लागेल."

"डावा पाय. नेमका क्लचचा," निखिल कण्हत म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला?"

"मी इथेच शिकले. ऑटोमॅटिकवर."

"काका," निखिल म्हणाला, "तुम्हाला येते का हो गियरची? तुमच्या वेळी तर सगळ्या गियरच्याच. नुसती वरपर्यंत काढून द्या. मैलभराचा तर चढ आहे." आणि त्याने किल्ली पुढे केली. तळहातावर. चामड्याच्या छोट्या पट्ट्यात अडकवलेली ती किल्ली उन्हात चमकत होती.

अण्णांनी किल्लीकडे बघितलं. मग पलीकडे झाडाखाली उभ्या असलेल्या जीपकडे. मग तिच्या मागे, खडकाच्या अंगावरून वर चढत गेलेल्या रस्त्याकडे, वळण, त्याच्यावर वळण. आंबा घाटाचा तो लहान भाऊच होता. मग माझ्याकडे.

त्यांच्या डोळ्यांत काही मागणं नव्हतं. फक्त विचारणं होतं : काय करू?

'अण्णा ड्रायव्हर होते.' तीन शब्द. एवढंच म्हणायचं होतं मला. निखिल कदाचित 'अरे, मग बरंच झालं' म्हणाला असता. अनघा क्षणभर माझ्याकडे बघत राहिली असती आणि मग विसरली असती. मी जुईच्या हनुवटीला लागलेलं दही पुसत होते. ते पुसून झालं तरी मी पुसत राहिले.

"नाही हो," अण्णा म्हणाले. "मला गाडी चालवता येत नाही."

अगदी स्वच्छ म्हणाले. उभ्या आयुष्यात घरात त्यांच्या तोंडून मी 'न्हाय' सोडून दुसरं ऐकलं नव्हतं. ते वाक्य त्यांनी साहेबांच्या बोलीत म्हटलं, एकेक अक्षर नीट लावून, माझ्या खोट्याला कुठे टाका उसवू नये म्हणून.

"ऑफिसातला माणूस मी. खुर्चीवरच गेली सगळी."

"बरोबर आहे," निखिल हसला. "साहेब लोक मागे बसणार." आणि त्याने मूठ मिटली.

निखिलला पाय लांब करता यावा म्हणून पुढची सीट दिली. मागे एका बाजूला अनघा, एका बाजूला जुईची खुर्ची आणि त्यांच्या मधे अंग चोरून अण्णा. जीप झाडाखाली राहिली. मी चढ चढवत होते. निखिल प्रसन्नच्या कंपनीबद्दल काहीबाही विचारत होता, मी उत्तरं देत होते. आरशात अण्णा दिसत होते. त्यांनी डोळे मिटले होते. पण प्रत्येक वळणाच्या आधी, मी स्टिअरिंग फिरवण्याच्या एक श्वास आधी, त्यांचं अंग त्या बाजूला कलत होतं.

देवधरांना जवळच्या गावातल्या दवाखान्याच्या दारात सोडलं. अनघाने मला मिठी मारली, अण्णांना वाकून नमस्कार केला. "तुम्ही होता म्हणून, काका."

अण्णा पुढे येऊन बसले. गावाबाहेर पडल्यावर तोच सपाट रस्ता लागला, दोन्ही बाजूंना ज्वारी, ऊन कलतं. मी गाडी कडेला घेतली. बंद केली. उतरून वळसा घालून त्यांच्या दाराशी गेले आणि दार उघडून किल्ली पुढे केली.

"अण्णा. घ्या."

 त्यांनी ती घेतली असती तर मी आज हे विसरलेही असते.

"नको बाळ," ते म्हणाले. "सकाळी दिली असतीस तर घेतली असती."

आवाजात राग नव्हता. जेवण झाल्यावर कुणी पोळी वाढायला आलं की माणूस ताटावर हात धरतो, तसं म्हणाले.

"अण्णा, मी चुकले."

"तू न्हाय गं चुकली. मी कधी तुला डेपोत नेलंच न्हाय. तुझ्या आईला म्हणायचो, पोरीनं आपलं वर बघावं, ग्रीस-डिझेलकडं बघू नये. मग तू वरच बघितलंस." त्यांनी माझ्या हातातली किल्ली माझ्याच मुठीत मिटवली. "बस जा. पोरगी उठंल."

मी जाऊन बसले.  अण्णांनी जाकिटाची चेन उघडली, स्वेटरवरचा बिल्ला सोडवला, रुमालात गुंडाळला आणि परवान्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून दिला.

मग मी निघाले. समोरून एक पिकअप आली. तिच्यातल्या माणसाने स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली. मी शेजारी बघितलं. अण्णांचा हात मांडीवरच होता.

मीच बोटं उचलली. पिकअप तोवर मागे गेली होती.

मैलभर गेल्यावर अण्णा एकाएकी म्हणाले, "सारे, त्या जीपला गियर किती असतील गं? चार का पाच?"

"माहीत नाही अण्णा."

"पाच असतील," ते म्हणाले. त्यांचा डावा हात दोन सीटांच्या मधल्या खणावर आला, आणि हळूच, मला दिसू नये इतका हळू, एकदा पुढे गेला, एकदा मागे आला.

तीन आठवड्यांनी ते सांगोल्याला परत गेले. परवान्याची मुदत पुढल्या उन्हाळ्यात संपली. त्याच वर्षी त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला, आणि मग बाजारातून भाजी आणायला जायची मोटारसायकलसुद्धा आईने विकायला लावली. फोनवर ते दर वेळी विचारायचे, गाडी बरी हाय का, चाकं बघतीस का. मी हो म्हणायचे. खोटं नव्हतं ते. त्या दिवसापासून मी चाकं बघितल्याशिवाय गाडी हलवत नाही. समोरच्या घरातली बाई आता बघतही नाही.

अण्णांना जाऊन चार वर्षं झाली. जुई आता नऊ वर्षांची आहे. परवा शाळेबाहेर तिची वाट बघत उभी होते, तर शेजारी तशीच एक हिरवी जीप येऊन थांबली. एक तरुण मुलगी चालवत होती. मी तिच्या काचेवर टकटक केलं आणि आधी माफी मागून विचारलं.

तिला नवल वाटलं, पण तिने सांगितलं.

सहा होते, अण्णा. सहा आणि एक मागचा.